हात पास, हात नापास

आमच्या वलगावात तान्ह्या लेकरांच्या आंघोळी घालणाऱ्या बाया चार-पाच आहेत. पण मनकर्णाबाईसारखी दुसरी कुणी मला दाखवावी, मी तिच्या घरी पाणी भरीन. उगाच नाही म्हणत. माझं तोंड फटकळ आहे, बोलायची खोडही आहे, पण कौतुक करायची सवय मला अजिबात नाही. सोळा वर्षं शाळेत शिकवून ती मोडली.

माझी लेक आठव्या महिन्यातच झाली. अमरावतीच्या दवाखान्यात अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. माहेरी आणली तेव्हा पुरती दोन किलोचीही नव्हती. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतल्या शिरा दिसायच्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, घासायचं नाही, चोळायचं नाही, पावडर लावायची नाही. एवढ्या नाजूक कातडीला जरा ओरखडा गेला की जंतू आत शिरतात, आणि एवढ्या लहान जिवाला ते झेपत नाही. झालं! मी अशी भ्याले की पाजायला घ्यायची तेवढीच, बाकी पोरीला हात लावायची नाही. वर्गात चाळीस पोट्टे एका आवाजात गप्प करणारी मी, आणि पोटच्या गोळ्याला धरायला धजत नव्हते. फार लाज वाटायची मला.

शेवटी माझ्या आईनं मनकर्णाबाईला बोलावलं. साठीची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली. आल्या आल्या लेकरू मागेल म्हणून मी तयारीत बसले होते. छे! ओसरीवर बसून तिनं कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे केले आणि कमरेच्या बटव्यातून चिमूटभर रुई काढली. सरकी काढलेली, स्वच्छ, पांढरी. ती हळूच तळहातावरून ओढली, मग बोटांवरून, मग नखांच्या कडांवरून. रुई कुठंच न अडकता खाली पडली.

"पास," ती म्हणाली. "आता द्या लेकरू."

"हे काय वो मावशी?" मी विचारलं.

"हाताले रुई चिकटली का हात नापास. जो हात रुईले धरते, थो लेकराले बोचते."

मला हसू आलं. मग तिनं सांगितलं ते ऐकून हसू गेलं. पंचविशीत असताना ती दिवसभर कापूस वेचून एका लेकराला आंघोळ घालायला गेली होती. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांची टोकं लागून हात खरबरीत झालेले. दुसऱ्या दिवशी लेकराच्या मांडीवर लाल रेघा उठल्या. घरचे म्हणाले, मुंगी चावली असेल. "मलेच मालूम होतं," मावशी म्हणाली. "म्या कोनाले सांगतलं नाई. थेच अजून खाते मले." तेव्हापासून हातात लेकरू असलं की ती कुणाच्या वेचणीला जात नाही आणि रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेते.

महिनाभर तिनं माझ्या लेकीला आंघोळ घातली. पाणी कोपरानं बघायची. खोबऱ्याचं तेल दोन थेंब, तेही नुसतं तळहातानं टेकवायचं. मग बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ कापड घेऊन मान, काखा, जांघा. मी लांबून बघत असले की म्हणायची, "पाह्य, पुसाचं नाई, टिपाचं." माझ्या डोळ्यांदेखत त्या पापुद्र्याची कातडी झाली.

बारशाला चार दिवस होते तेव्हा अकोटहून माझ्या सासूबाई आल्या, पार्बताबाई. दर्यापूरला बस बदलून, दोन पिशव्या घेऊन, आणि आल्या त्याच मुळी हुकूम करत. नातीला उघडी करून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अवं माय! खांद्यावरची लव तशीच? डाळीच्या पिठाचा गोळा नाई फिरवला काहून?"

"डॉक्टर नाई म्हनते," आई चाचरत म्हणाली.

"डॉक्टरनं किती लेकरं न्हाऊ घातले, इहीनबाई? कुलदीपले म्या रोज पीठ लावलं, काय झालं त्याले?"

कुलदीप म्हणजे माझा नवरा. काय झालं त्याला, याचं उत्तर माझ्याकडे भरपूर होतं. पण ते बारशाआधी द्यायचं नव्हतं. सगळी रात्र मला त्या कातडीवर पीठ घासलेलं दिसत होतं.

सकाळी मावशी आली तर सासूबाई आधीच पाय पसरून बसलेल्या. बाजूला ताटलीत पिठाचा गोळा. "आज आंघोळ म्या घालीन," त्या म्हणाल्या.

मावशी भांडली नाही. "घाला नं. नात तुमची हाये. फक्त हात दाखवा."

तिनं रुई ओढली. सासूबाईंचे हात शेतात राबलेले, भेगाळलेले. निम्मी रुई तळहातालाच राहिली.

"नापास."

सासूबाई भडकल्या. "माह्या हातावर चार लेकरं वाढले! अन् तुहा हात? थो दाखव आधी!"

आदल्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, आणि भिजायच्या आत कापूस घरी यावा म्हणून अख्खं वलगाव शेतात होतं. मावशीही स्वतःच्या दोन एकरांत अंधार पडेपर्यंत वेचत होती. काहीतरी सांगून तिला टाळता आलं असतं. आम्ही कोण विचारणार होतो? पण तिनं नवी रुई घेतली आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातावरून ओढली. अंगठ्याच्या बुडाशी ती अडकली.

मावशीनं अडकलेला धागा बोटानं उचलून आम्हाला दाखवला. "माहाही नापास."

"पाह्यलं?" सासूबाई टाळी वाजवायच्या तेवढ्या राहिल्या. "मंग आता लेकराले कोन धुते?"

"पौर्णिमा, तू हात दाव," मावशी मला म्हणाली.

मी? सव्वा महिना खोलीत बसून असलेली, भांड्याला न शिवलेली मी. रुई माझ्या हातावरून सरळ खाली गेली.

"पास. बस पाय पसरून."

"मावशी, मले भेव लागते."

"लागू दे. ज्याले भेव नाई, थोच घासते."

ती दोन हात लांब बसली, हात पाठीमागं घेऊन, आणि तोंडानं सांगत गेली. कोपर बुडव. मान धर. टिप. माझ्या पायांवर माझी लेक, आणि तिला धुणारे हात माझे. पोरगी रडली नाही, तिनं माझं बोट धरलं. रडले मीच, भोकाड पसरून. सासूबाईंनी पिठाचा गोळा उचलून गाईला घातला. नंतर बराच वेळ त्या स्वतःचा तळहात बघत बसल्या होत्या. मला माझा अभिमान वाटलाच, कशाला लपवू? पण हरवायला टपलेल्या बाईसमोर स्वतःला नापास करणाऱ्या मावशीचा त्याहून जास्त वाटला.

बारशाच्या दिवशी घर बायांनी भरलं. पाहते तर काय, पाळण्याशी सासूबाई बसलेल्या आणि मांडीवर रुईचा पुंजका! "लेकरू घ्याचं असंन तर आधी हात दाखवा." माझ्या दोन चुलत्या परत पाठवल्या की हो त्यांनी! मी पदराआड हसून घेतलं.

मावशी सगळ्यांच्या शेवटी आली. तीन दिवस ती शेतात फिरकली नव्हती, रोज हातांना तूप चोळत होती, हे मला आईकडून कळलं होतं. तिला बघून सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "या मनकर्णाबाई. तुमचा हात काय पाह्याचा? घ्या नातीले."

मावशी जागची हलली नाही. तिनं तळहात पुढं केला.

"नाई. मले सूट नको. पाहा."

सासूबाईंनी रुई घेतली. तळहातावरून, बोटांवरून, अंगठ्याच्या बुडाशी दोनदा ओढली. सगळ्या बाया माना उंचावून बघत होत्या. रुई खाली पडली.

"पास," सासूबाई म्हणाल्या.

"मंग द्या लेकरू."