नको म्हणणारा हात

वडिलांचे कान गेले आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरातलं हसणंही गेलं. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यातून त्यांना माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू यायचा, म्हणून ते कपाटात जाऊन पडलं. विनोद ओरडून सांगता येत नाही, हे मी करून पाहिलं आहे. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत माझाच पारा चढायचा आणि मी रागावले असं समजून ते गप्प बसायचे. लग्नकार्यात अख्खी पंगत हसवणारा माणूस असा गप्प झालेला मला बघवत नव्हता.

मी इंदूरमध्ये तुकोगंजच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. शेजारच्या इमारतीत अॅनिमेशनचा क्लास निघाला तेव्हा वाटलं, एक शब्दही न बोलता त्यांना हसवता येईल का? सेहेचाळिसाव्या वर्षी मी नाव घातलं. बाकीची मुलं विशीतली, आणि माझी चित्रकला रांगोळीपुरती.

पहिला महिनाभर एकामागून एक चित्रं काढून नुसता चेंडू उडवला. शिकवणारी मुलगी नाशिकहून नुकतीच इकडे आलेली. ती म्हणायची, "काकू, ह्याला वजनच नाही." मग कळलं की वर गेल्यावर चित्रं जवळजवळ काढायची आणि खाली येताना लांब लांब. ज्या दिवशी माझा चेंडू खरोखर आपटला, त्या दिवशी मी वर्गात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या, पण वाजवल्या.

शेवटी दहा सेकंदांची फिल्म करायची होती. मी वडिलांनाच काढलं. आमच्याकडे आग्रह झाल्यावर पटकन हो म्हणणं बरं दिसत नाही. त्यामुळे वडील उजवा हात आडवा धरून "बस, बस" म्हणतात, आणि डाव्या हातातली पोह्यांची प्लेट शेवेच्या डब्याकडे सरकवतात. मी एकशेवीस चित्रं काढली, बोटं दुखेपर्यंत. वर्गात दाखवली तर कुणी हसेना.

"आंटीजी, ये अंकल कर क्या रहे हैं?" मागून एकाने विचारलं.

"अरे भिया, नाही पण म्हणतायत आणि घेतायत पण. इतकं सिंपल आहे," मी भडकले.

शिकवणारी शांतपणे म्हणाली, "दोन्ही हात एकदम हलतायत, काकू. डोळा एका वेळी एकच गोष्ट बघतो. आधी नको म्हणू द्या. मग थांबा. मग प्लेट."

"पण ते एकदमच करतात."

"नीट बघा एकदा."

मी फुगून घरी आले. रविवारी पोहे केले आणि शेवेचा डबा घेऊन मुद्दाम त्यांच्यासमोर उभी राहिले. हात आडवा आला, थांबला. नजर हळूच डब्याकडे गेली. मग प्लेट सरकली. इतकी वर्षं शेव वाढतेय, पण ते मधलं थांबणं मला कधी दिसलं नव्हतं. त्या क्षणी मला वडील इतके आवडले की मी डबा अर्धा रिकामा केला.

नवीन चित्रांत तो हात मी पूर्ण सेकंदभर तसाच ठेवला, फक्त बुबुळं हलवली. वर्ग खो खो हसला. पण माझी परीक्षा घरी होती.

फोन वडिलांच्या हातात दिला. त्यांनी एकदा पाहिलं, चेहरा कोरा. दुसऱ्यांदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. "अरे, हा तर मीच आहे," म्हणाले. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "ह्यात बोलणं पण आहे का काही?"

मी मान हलवली, नाही.

"बिलकुल नाही?"

नाही.

"मतलब माझं काही सुटलं नाही," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघरातल्या आईला त्यांनी पूर्वीसारखी खणखणीत हाक मारली, "इकडे ये जरा, तुला एक गजब चीज दाखवतो."