समुद्रापलीकडची विणकामवाली

मुंग्यावाले रेडिओ दुरुस्त करायचे. मुंग्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की गल्लीतला पहिला टीव्ही त्यांनी सुटे भाग जमवून जोडला आणि त्यावर तीन महिने चित्राऐवजी नुसत्या मुंग्याच दिसल्या. सगळ्यांत जवळचं टीव्ही केंद्र समुद्रापलीकडे, परक्या मुलखात, हजार मैलांवर. पण उन्हाळ्यात कधीमधी तिकडच्या लहरी आभाळातून उसळी घेऊन लांबवर पोचतात, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. झालं! गच्चीवर आठ नळ्यांचा अँटेना उभा राहिला. रोज दुपारी दुकान बंद करून ते पडद्यासमोर वही घेऊन ठाण मांडायचे.

"काय, आज किती निघाल्या?" शेजारचे शिंपी खिडकीतून विचारायचे.

एका दुपारी ते टीव्ही चालू ठेवून कोपऱ्यावर वायर आणायला गेले. परतले तर बायको दारातच उभी.

"अहो, बाई आली होती."

"कोण बाई?"

"टीव्हीत. सात मिनिटं होती. मोजा विणत होती."

"डुलकी लागली असेल तुला."

बायकोने विणायच्या सुया त्यांच्या नाकासमोर धरल्या. सुयांवर मोज्याची टाच होती, आणि तसली टाच या घरात आजवर कुणी विणली नव्हती.

"ही काय झोपेत विणली?"

मुंग्यावाले मटकन खाली बसले. तीन महिने डोळे फोडले त्यांनी, आणि दर्शन दिलं हिला! दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत केंद्राला पत्र लिहिलं, बायकोच्या नावाने, चित्र दिसल्याचा पुरावा म्हणून टाक्यांचा नकाशा जोडून.

दीड महिन्याने उत्तर आलं. चित्र इथवर पोचल्याचं शिक्का मारलेलं प्रमाणपत्र, आणि खाली खुद्द विणकामवाल्या बाईंच्या हातच्या दोन ओळी: इतक्या लांबून मला पाहणाऱ्या तुम्ही पहिल्याच. फक्त नकाशात तिसऱ्या ओळीतला एक टाका सुटलाय.

"सुटला नाही!" बायको उसळली. "तेवढ्यात चित्र हललं. अँटेना नीट आवळला नव्हतात तुम्ही."

तेव्हापासून पडद्यासमोर बायको आणि गच्चीवर मुंग्यावाले. "अहो, जरा डावीकडे!" अशी खालून हाक आली, की ते निमूटपणे खांब फिरवत. आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र रेडिओच्या आधी प्रमाणपत्र बघावं लागे.

पुढच्या उन्हाळ्यात बायको माहेरी असताना त्यांनाही चित्र लागलं. एक टकले गृहस्थ चार मिनिटं चष्मा पुसत होते. मुंग्यावाल्यांनी उभं राहून ते पाहिलं.