खापर संध्याकाळी जाणार होतं

त्या दिवशी घरात काहीही घडणार नव्हतं, आणि असे दिवस मला भारी आवडतात. ना सण, ना उपास, ना कुणी पाहुणा. नवरा, नवनीत, आठच्या एसटीने नंदुरबारला ऑफिसात गेला. पोरगी माझ्या माहेरी, धुळ्याला. रनाळ्याच्या त्या घरात उरलो मी आणि माझ्या सासूबाई, निर्मलाबाई; मी त्यांना आई म्हणते. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होतो. चहात बटर बुडवायचं आणि ते तुटून पडायच्या आत तोंडात घालायचं, ही आमची रोजची शर्यत. आई सहासष्ट वर्षांच्या आहेत, पण शर्यतीत मला कधी जिंकू देत नाहीत.

तेवढ्यात माझं लक्ष अंगणात गेलं. धुतलेलं खापर उन्हात पालथं घातलेलं होतं.

हे खापर म्हणजे आमच्या घरातला मातीचा मोठा, खोलगट तवा. चुलीवर पालथं घालायचं, आणि वर मांडे भाजायचे. मांडा म्हणजे पुरणाची पोळीच, पण लाटायची नाही. हातांवर झुलवत झुलवत परातीएवढी करायची. आईंच्या सासूबाईंनी हे खापर कुंभाराकडून आणलेलं. काठाचा एक टवका उडालाय, बाकी ठणठणीत.

"हाई कसाले काढं?" मी विचारलं.

"संध्याकाळे बेबी लेवाले येवाव शे," आई शांतपणे म्हणाल्या. बेबीबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, पलीकडच्या गल्लीतली. "मन्हा हात कोठे चालस आते?"

माझं डोकंच फिरलं. दिवाळीत आई न्हाणीत घसरल्या, उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मान्य. पण घरातलं खापर द्यायचं आणि सुनेला साधं विचारायचंही नाही? आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर आलेली. नणंद, चेतना, सुरतेहून येणार, ती काय विकतचे मांडे खाणार? चौदा वर्षं मी या खापराखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारत आलेय, धुराने डोळे लाल करून घेतलेत. मांडा करायला मला कधी दिला नाही, ते राहू दे, पण निदान विचारायचं तरी!

हे सगळं मी बोलले. मी मनात ठेवणारी बाई नाही.

आई हसल्या. मग बराच वेळ मनगट फिरवून बघत राहिल्या. एकदम म्हणाल्या, "शीला, एकदाव करी देखूत?"

बस! बशी तिथेच टाकून मी उठले. हरभऱ्याची डाळ शिजायला लावली, गूळ चिरला, गव्हाचं पीठ पातळ लुगड्यातून गाळलं. कणीक दर वर्षी आईच भिजवतात, कुणाला हात लावू देत नाहीत. पण कणीक तिंबायला मनगटात जोर लागतो. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा कणीक माझ्याकडे आली. मी अशी तिंबली, अशी आपटली, की शेजारच्यांना वाटलं असेल घरात भांडण चाललंय.

पुरण वाटून झालं तसं आम्ही दोघींनी पातेल्यातूनच बोटाने चाटलं. जायफळाचा वास सगळ्या घरभर. आईंना त्यांची पहिली आखाजी आठवली. नवी नवरी, वय सतरा, घरभर पाहुणे, आणि पहिलाच मांडा हातातून फाटून चुलीपाशी राखेत पडला. "मी तं रडालेच लागनू," आई सांगत होत्या. त्यांच्या सासूने मांडा उचलला, राख झटकली आणि पाठ फिरवून स्वतः खाऊन टाकला. घरात कुणाला कळलं नाही. ही गोष्ट आईंनी मला चौदा वर्षांत कधी सांगितली नव्हती. मला वाटायचं, या बाईचा मांडा जन्मापासून फाटला नसेल.

दुपारी चूल पेटवली. खापर तापलं. आईंनी पुरण भरलेला गोळा थापला, तेलाचा हात लावला आणि उचलला. या हातावरून त्या हातावर. मांडा ताटाएवढा झाला आणि मधोमध फाटला. पुरण कोपरापर्यंत ओघळलं.

"ऱ्हाऊ द्या, पहिलाच शे," मी म्हटलं.

दुसरा तर ताटाएवढाही झाला नाही.

आईंनी हात परातीत ठेवले. चेहऱ्यावर काही नाही, पण आवाज बारीक झाला. "गया हात मन्हा. बेबीले देई टाक ते."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी काहीतरी तोंडात टाकते. फाटलेल्या मांड्याचा कडेचा कच्चा तुकडा टाकला. चावला. पुन्हा चावला. अळणी. पार अळणी!

पुरण गोड, म्हणून कणकेत मीठ घालायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आई दर वर्षी वाटीभर पाण्यात मीठ विरघळवून त्यातच कणीक भिजवतात. ते पाणी मी चौदा वर्षं बघत आले होते. मिठाशिवाय कणकेला ताण येत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? गप्प बसले असते तर माझी चूक कायमची त्यांच्या मनगटाच्या नावावर गेली असती.

"आई, हात तुम्हना चांगला शे. मी मीठ टाकंच नही!"

आईंनी तुकडा चाखला. मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता काही खरं नाही. "चौदा वरीस काय डोया मिटीसन बशेल व्हती का वं?" असं म्हणाल्या आणि इतक्या जोरात हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. हसणं थांबेना. मी मिठाच्या पाण्यात नवी कणीक भिजवली, तिंबली, तासभर मुरू दिली. तो तास काही केल्या सरेना.

मग आईंनी गोळा उचलला. मांडा झुलला. ताटाएवढा, परातीएवढा, कोपरापर्यंत! उजवीकडे जरा कलला, तिथे मनगट वळत नव्हतं. आईंनी ओठ दाबले, खांदा वळवून तो सांभाळला आणि खापरावर अलगद सोडला. मी किंचाळलेच. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

असे चार केले. मग त्या मनगट चोळत बाजूला सरकल्या आणि पाचवा गोळा माझ्यापुढे ठेवला. "ये. आते तू."

माझा अर्थातच फाटला. राखेत नाही पडला, खापरावरच दोन तुकडे झाले. आईंनी ते तुकडे उचलले, स्वतःच्या ताटात घेतले आणि दुधात बुडवून खायला लागल्या.

तेवढ्यात मागच्या दाराने बेबीबाई आल्या, हातात रिकामी गोणी. "काय वं बाई, आज कोनता सन शे? मी तं खापर लेवाले उनी."

"जेवी ले पहिले," आई म्हणाल्या.

बेबीबाईंनी दोन मांडे रिचवले आणि पुन्हा विचारलं. आईंनी माझा फाटका तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "ते आते मन्हं नही. शीलानं शे. तिले इचार."

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेने भरलेले होते. "देवाव नही," मी म्हटलं, आणि पुढचा गोळा उचलला.