आक्काची मधली जागा

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही, आणि जिच्यापाशी बोलायला हवी तिच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय म्हणजे मला फार धीर आलाय असं समजू नका — तुम्ही आक्काला ओळखत नाही, म्हणून सांगतोय. ओळखत असतात तर गप्प बसलो असतो.

गोष्ट आहे गाडीच्या सीटची. हसू आलं ना? येऊ दे. मलाही सुरुवातीला वाटलं होतं, की सीटच तर आहे. चार बोल्ट सोडायचे, आठ लावायचे, त्यात काय पाप लागणार?

मी मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. तीस वर्षं तेच करतोय. हातात पाना असला की मी बरा माणूस असतो. बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि मग मी जे तोंडानं बोलायचं ते पान्यानं करायला जातो. हे आधीच सांगून ठेवतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती परत आमच्या घरी आली. आधी तिनं मला वाढवलं, मग माझ्या निखिलला. मंगल, म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवायला जायची, तेव्हा निखिल दिवसभर आक्काच्या कडेवर. तो पहिल्यांदा चालला तो तिच्याकडे. आईकडे नाही, माझ्याकडे नाही. मंगलला त्याचं वाईट वाटलं होतं, पण तीही शेवटी हसली, कारण आक्काच एवढी रडत होती की तिला आवरायला कुणीतरी हसायला हवं होतं.

मोठी गाडी घेतली तेव्हा मधल्या रांगेत तिघांचा अखंड बाक होता. त्या बाकावर आक्काची जागा ठरलेली — मधोमध. खिडकीशी बसली की तिला गाडी लागते. मधे बसून, पुढच्या दोन्ही सीटना धरून, समोरचा रस्ता दिसत राहिला की मग तिला आंबा घाटसुद्धा काही करत नाही. मंगल कितीदा म्हणायची, वन्सं, तुम्ही पुढे बसा. पण डॅशबोर्डवर गणपती आहे ना! त्याच्याकडे पाय करून आक्का बसायची? कालत्रयी नाही. तर मधली जागा. तिथून ती मला गाडी शिकवायची, जन्मात स्टिअरिंगला हात न लावता.

आणि तिथूनच ती गाऱ्हाणं घालायची.

आमच्या कोकणात कुठलंही काम काढलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. एकानं मोठ्यानं देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते पुरुषानं घालायचं असा रिवाज. बाबा घालायचे. बाबांच्या मागे ते माझ्याकडे यायला हवं होतं — पण माझी जीभ! चार माणसांत उभा राहिलो की मला देवाचं नावसुद्धा आठवत नाही. मग आक्कानं ते उचललं. म्हणजे बघा, जे मला जमलं नाही म्हणून तिनं केलं, त्याचीच पुढे मला लाज वाटली.

गाडीला किल्ली लावली की आक्का दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढायची आणि सुरू व्हायची. ‘हे बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरं पावसला निघाल्यात. वाटेत काय आडवं-तिडवं आसंल तं बाजूला कर, रं म्हाराजा!’ आम्ही सगळे, ‘व्हय म्हाराजा!’ तिथे थांबली तर आक्का कसली? मंगलची पाठदुखी, निखिलची परीक्षा, शेजारच्या गायीचं दूध, माझ्या शेडमध्ये अडकलेलं कुणाच्या तरी बोटीचं इंजिन — सगळं देवाच्या कानावर घालूनच गाडी फाटकाबाहेर पडायची. पावसला जाऊन यायला लागतो त्याच्या निम्मा वेळ गाऱ्हाण्यात. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. आजही आवडतं. मग मी असं का केलं?

सांगतो. तिथेच येतोय.

निखिलचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याची, त्याच्याच ऑफिसातली, गार्गी. तिचे आईवडील घर बघायला आले. दोघंही कॉलेजात शिकवणारे, हळू आवाजात बोलणारे, चहात साखर न घेणारे. दुसऱ्या दिवशी त्यांना आरे-वारेचा किनारा दाखवायला नेलं. मधल्या बाकावर डावीकडे विहीणबाई, उजवीकडे व्याही आणि मधे आमची आक्का. मी किल्ली लावली आणि ती सुरू झाली. त्या दिवशी तिला काय भरून आलं होतं देव जाणे! व्याह्यांच्या मधुमेहापासून निखिलच्या गळणाऱ्या केसांपर्यंत तिनं काही सोडलं नाही. निखिल लहानपणी अंथरूण ओलं करायचा ते तू थांबवलंस म्हाराजा, तसंच आता याच्या संसाराचं बघ, हेही सांगून झालं. मी आरशात बघत होतो. व्याह्यांनी मोबाइल काढून रेकॉर्ड करायला घेतलं. विहीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला.

माझे कान तापले. आपल्याला हसतायत, असं मला वाटलं. मी विचारलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही. पण मी मनात ठरवून टाकलं — साखरपुड्याला पुण्याला जाताना आक्का गाडीत नको. तिथे त्यांच्या सगळ्या नातेवाइकांसमोर हे नको.

मग तिला तसं सांगायचं ना? आक्का, जरा आवर, एवढंच? ती रागावली असती, तासाभरानं हसली असती, आणि बहुतेक आवरलंही असतं. पण तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. मी पाना काढला.

त्याच मॉडेलची एक ठोकलेली गाडी कोल्हापूरला भंगारात निघाली होती. तिच्यात मधल्या रांगेला बाक नव्हता, दोन सुट्ट्या खुर्च्या होत्या, हातांच्या टेकूसकट. दोन खुर्च्या, आणि मधे मोकळी वाट. त्या मी आणल्या. पण घरी कारण काय सांगायचं? इथे माझं डोकं भलतंच चाललं. समुद्राकाठी आम्ही माणसं कशावरही शंका घेऊ, पण गंजावर घेणार नाही. खारी हवा, मासळीचं पाणी — लोखंड खाल्लं म्हटलं की विषय संपला. शेडमध्ये एका जुन्या बोटीचा बोल्ट पडला होता, गंजून अर्धा झालेला. तो मी खिशात घातला आणि घरी येऊन सगळ्यांसमोर पडवीच्या कट्ट्यावर ठेवला. म्हटलं, हा आपल्या बाकाचा. बोल्ट बसतो ती जागाही गंजानं खाल्लीय. घाटात बाक उखडला असता तर आपण कुणीच उरलो नसतो.

आक्कानं तो बोल्ट उचलून कपाळाला लावला.

रविवारी सकाळी मी काम काढलं. आणि मला हात द्यायला कोण आलं असेल? दुसरं कोण! साडी खोचून, ‘मी बॅटरी धरतंय, तू कर’ म्हणत आक्काच गाडीत शिरली. तिनं चार करवंट्या आणल्या होत्या, चार कोपऱ्यांचे बोल्ट एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. मी सतरा नंबरचा सॉकेट लावला, पाइप घालून जोर दिला. बोल्ट निघाला तो लख्ख. नव्यासारखा. करवंटीत टाकताना आक्का म्हणाली, ‘ह्यो तं चकचकीत हाय रं, बाळू.’ मी खाली मान घालून म्हटलं, गंज आतून असतो. तिनं मान हलवली. मिस्त्री मी होतो ना.

बाक जड होता. तिनं एक बाजू धरली, मी दुसरी. आपलीच जागा तिनं आपल्या हातांनी दारातून बाहेर काढली, गुडघे दुखत असताना, आणि वर मलाच म्हणत होती, कंबर सांभाळ. मधल्या माणसाचा पट्टा बाकालाच होता, तो बाकाबरोबर गेला. कार्पेटखालची रबरी बुचं काढली की खुर्च्यांसाठी वेगळी भोकं तयारच असतात, त्यात खुर्च्या बसल्या. दुपारपर्यंत काम झालं. संध्याकाळी आक्का चार घरं फिरून सांगून आली, की आमच्या भावानं मुलांचा जीव वाचवला, आणि गॅरेजवाल्यालासुद्धा बोलावलं नाही.

ती खुर्चीवर बसून बघणार, हे मला माहीत होतं. बसली. एका कडेला, समोर माझ्या सीटची पाठ, रस्ता दिसेना. आरे-वारेच्या पहिल्याच वळणावर मला गाडी थांबवावी लागली. ती खाली उतरली, ओकली, तोंड धुतलं आणि तिथेच दगडावर बसून म्हणाली, ‘मी काय पुन्याला येत नाय. तुमी जावा. शुभ कामात माजी घाण कशाला?’ निखिल म्हणाला, आत्या, तू नसशील तर मी साखरपुडाच करत नाही. तिनं त्याला ओरडून गप्प केलं. मी एक शब्द तरी बोललो का? नाही बोललो. मला सुटल्यासारखं वाटत होतं. हे सांगवत नाही, पण तसंच वाटत होतं.

साखरपुड्यासाठी तिनं अंजिरी रंगाची साडी घेतली होती. निघायच्या सकाळी ती तीच साडी नेसून फाटकाशी उभी राहिली. म्हणाली, साडी तरी निखिलनं बघू दे. निखिलचे मामा-मामी खुर्च्यांवर बसले, निखिल मागे, मंगल पुढे बॅगा मोजतेय. मी एसी लावला आणि काचा वर केल्या. मीच केल्या. आक्का गाडीच्या पुढे आली, बॉनेटवर हात ठेवला आणि तिनं गाऱ्हाणं सुरू केलं. काचेतून आवाज येत नव्हता. मामा फोनवर होते, निखिलच्या कानात वायर, मंगलचं लक्ष बॅगांत. बघत होतो मी एकटाच. तिचे ओठ हलत होते. मग ती थांबली — आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं तिथे. आमच्याकडे बघत थोडी थांबली. आणि मग तिनं स्वतःच मान हलवून म्हटलं. पुन्हा मागितलं, पुन्हा थांबली, पुन्हा स्वतःच म्हटलं. काच खाली करायला एक बोट लागतं. मी ते बोट उचललं नाही. तिचा हात बॉनेटवरून निघाला तशी गाडी काढली.

पुण्याला हॉलच्या दारातच विहीणबाईंनी विचारलं, आत्या कुठे आहेत? त्यांनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग घरी सगळ्यांना ऐकवलं होतं. त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आईला ते पाठ झालं होतं. अंगठ्या घालायच्या आधी आत्यांनी गाऱ्हाणं घालावं, अशी गार्गीची इच्छा होती, कार्यक्रमात तशी वेळ ठेवली होती. आणि तो रुमाल? त्या दिवशी गाडीत त्यांना रडू आलं होतं. त्यांच्यासाठी असं देवाकडे कुणी मागितलंच नव्हतं म्हणे कधी. मी म्हटलं, तिला गाडी लागते हो. म्हणजे पुन्हा खोटंच — नाही, हे खरं होतं, पण मी ते खोट्यासारखंच वापरलं.

त्याला आता चार वर्षं झाली. निखिलला मुलगी झाली. आक्का अजून गाडीत बसत नाही. लग्नाला तेवढी रेल्वेनं गेली, नंतर कुठेच नाही. पावस दहा कोसही नाही, तिथेही नाही. बाक माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, चारही बोल्ट करवंट्यांसकट. परत बसवायला एका सकाळचं काम. पण बसवला तर विचारतील ना, जागा खाल्ली होती तिचं काय झालं? त्या एका प्रश्नासाठी मी तिला चार वर्षं घरी बसवलीय. दोनदा ताडपत्री काढली आणि दोनदा परत घातली.

आणि तो बोटीचा बोल्ट आमच्या देव्हाऱ्यात आहे. आक्कानं ठेवलाय, तांदळाच्या चिमटीवर. रोज त्याला कुंकू लागतं, जास्वंद असली तर जास्वंदही. गंज आणि कुंकू आता वेगळं दिसत नाही.

आता आम्ही निघालो की ती गाडीपाशी येऊन गाऱ्हाणं घालते. काचा खाली असतात, गार्गीनं तशी शिस्तच लावलीय. गेल्या रविवारी निघताना नात खिडकीतून तिचं बोट धरून होती. आक्कानं नेहमीसारखं सगळं मागितलं आणि शेवटी, चार वर्षं दर वेळी मागते तसंच, म्हणाली, ‘बा देवा म्हाराजा, ज्या माज्या भावाला तू येळेवर बोल्ट दाखवलास आणि माज्या लेकरांचा जीव राखलास, त्याला असाच शंभर वर्षं राख, रं म्हाराजा!’

सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’

मीही म्हणालो. दर वेळी म्हणतो. माझाच आवाज सगळ्यांत मोठा असतो.