हाकेला ओ न देणारा माणूस

पहिली सॉर्टी रिकामी गेली. सॉर्टी म्हणजे विमानाची एक फेरी. उडायचं, नेमून दिलेला पट्टा पाहायचा आणि उतरायचं. ग्रॅहमने गवताच्या धावपट्टीच्या कडेला विमान उभं केलं, इंजिन बंद केलं आणि हेडसेट काढून मांडीवर ठेवला. समुद्राला अडवणारा मातीचा लांबलचक बांध, त्यावरची पायवाट, ओहोटीने उघडा पडलेला चिखल, त्यातल्या वळवळत्या खाड्या, सगळं आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं. पक्षी दिसले. एक उलटी पडलेली होडी दिसली. पायी शोधणाऱ्यांची पिवळी जॅकेट्स दिसली. आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता असलेले वसंतराव पाटील तेवढे दिसले नाहीत.

आठवडाभर मी स्लाऊ या इंग्रजी शहरात एका वेअरहाऊस कंपनीत सॉफ्टवेअर टेस्ट करते. शनिवार-रविवारी मी स्वयंसेवकांच्या एका छोट्या हवाई पथकात असते. विमानं आमची स्वतःची, नाहीतर क्लबची. पगार कुणालाच नाही. पूर आला की आम्ही वरून फोटो काढून देतो. माणूस हरवला आणि पोलिसांनी बोलावलं, तर शोधायला जातो. पोलिसांकडे हेलिकॉप्टर असतं, पण एका हेलिकॉप्टरला कामं अनेक. त्या रात्री त्याने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने किनारा धुंडाळला होता. सकाळी मोटरवेवर मोठा अपघात झाला आणि ते तिकडे गेलं. म्हणून आम्हाला फोन आला.

ग्रॅहम पायलट. निवृत्त गुरांचा डॉक्टर, कमी बोलणारा माणूस. मी ऑब्झर्व्हर, म्हणजे फक्त पाहणारी. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. डोळे एका जागी रोखायचे नाहीत आणि भिरभिरवायचेही नाहीत. जमिनीचा एक तुकडा पाहायचा, क्षणभर थांबायचं, मग पुढचा तुकडा. माणूस शोधायचा नाही, कारण वरून माणूस माणसासारखा दिसतच नाही. जे तिथलं वाटत नाही ते शोधायचं.

ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं ते असं. वसंतराव सत्तरी ओलांडलेले, तब्येत ठणठणीत, रोज चालायची सवय. साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बायकोसोबत मुलाकडे स्लाऊला आलेले. मुलगा निखिल दोघांना घेऊन पूर्व किनाऱ्यावर भाड्याच्या कॉटेजमध्ये सुट्टीला आला होता. "समुद्र बघून येतो," म्हणून वसंतराव बाहेर पडले ते परतले नाहीत. निखिलने पोलिसांना सांगितलं होतं, "बाबा वाट चुकणं शक्य नाही. पाय घसरून कुठेतरी पडले असतील." म्हणून सगळा शोध बांधावरच्या वाटेवर चालला होता. जे माहीत होतं त्यावरून तो योग्यच होता.

गावातल्या व्हिलेज हॉलमध्ये शोधाचं ठाणं होतं. ग्रॅहम विमानापाशी थांबला आणि मी फोटोंचं मेमरी कार्ड द्यायला तिथे गेले. आमचा एक नियम आहे. ऑब्झर्व्हरने हरवलेल्याच्या घरच्यांना भेटायचं नाही. ओळख झाली की डोळ्यांना जे हवं तेच दिसायला लागतं. मी कार्ड देऊन वळत होते, तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला.

"कुलकर्णी म्हणजे तू मराठी का गं?"

साडीवर मुलाचं जाडजूड जॅकेट घातलेल्या एक बाई माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहत होत्या. समोर चहाचा पेपर कप, तसाच भरलेला. वसंतरावांच्या पत्नी, सुनंदाकाकू. निखिल पोलिसांबरोबर बाहेर नकाशा पाहत उभा होता.

नियम माहीत असूनही मी त्यांच्याशेजारी बसले.

"हो काकू."

"विमानातून तूच बघत होतीस?"

"हो."

"वरून दिसतं का माणूस?"

"दिसतं. पण कुठे बघायचं ते कळायला हवं." मग मी विचारलं, "काका कुठल्या वाटेने गेले, तुम्ही पाहिलंत का?"

"मागच्या फाटकाने गेले."

मी थांबले. कॉटेजचं पुढचं फाटक समुद्राकडे उघडतं आणि मागचं शेतांकडे. "तुम्ही हे रात्री सांगितलं नाहीत?"

"पोलिसांनी कुठे गेले विचारलं, मी म्हटलं समुद्र बघायला. मला इंग्रजी येत नाही, निखिलने तसं सांगितलं त्यांना. मला वाटलं, वळसा घालून गेले असतील." त्यांनी दाराकडे पाहिलं. मग माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. "तुला म्हणून सांगते. त्यांना आता आठवत नाही गं. साताऱ्याला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मी त्या व्हिटॅमिनच्या डबीत घालून ठेवते. मागे स्लाऊला दूध आणायला गेले आणि शेजाऱ्याचं दार वाजवत उभे राहिले. आत का घेत नाही म्हणून त्याच्यावरच रागावले. मी जाऊन आणलं. निखिलला यातलं काही माहीत नाही."

"का नाही सांगितलंत?"

"त्याचं इथे आता कुठे बस्तान बसतंय. कळलं तर नोकरी सोडून साताऱ्याला येईल. त्याचा स्वभाव मला माहीत आहे." त्यांची पकड घट्ट झाली. "तू मुलीसारखी आहेस. त्याला सांगू नकोस. शब्द दे मला."

असा शब्द देणं फार सोपं असतं. समोर थकलेली बाई असते, आणि हो म्हटलं की तिला बरं वाटतं.

"काकू, शब्द नाही देता येणार. हे मला पोलिसांना सांगावंच लागेल. आत्ता."

त्यांनी माझा हात सोडला. रागावल्या नाहीत. नुसता सोडला, आणि पदर सारखा करत बसल्या.

शोधाची सूत्रं एका महिला सार्जंटकडे होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"राइट," ती म्हणाली. "म्हणजे आपण चुकीच्या माणसाला शोधतोय."

याचा अर्थ सांगते. धडधाकट माणूस वाट चुकला तर वाट शोधतो, उंच जागा शोधतो, हाक ऐकली की ओ देतो. ज्याची स्मृती गेली आहे तो यातलं काही करत नाही. आपण हरवलोय हेच त्याच्या गावी नसतं. तो समोर सरळ चालत राहतो. कुंपण, ओढा, झाडी, काहीतरी अडवेपर्यंत. अडकला की तिथेच बसतो. नावाने हाका मारल्या तरी गप्प राहतो, कधी घाबरून अंगही चोरतो. त्यामुळे अशी माणसं बहुतेकदा घराजवळच सापडतात, आणि शोधणारे त्यांच्या जवळून निघून गेलेले असतात.

सार्जंटला निखिलशी बोलणं भाग होतं. तिने त्याला आत बोलावून शांतपणे विचारलं, की वडिलांच्या स्मरणशक्तीचा काही त्रास आहे का.

"बाबांच्या? नाही," निखिल म्हणाला. "कोणी सांगितलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे.

"आई?"

काकू जमिनीकडे पाहत राहिल्या. त्यातच त्याला उत्तर मिळालं. तो त्यांच्याकडे गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला आणि सार्जंटला म्हणाला, "मागचं फाटक. मी दाखवतो."

मी धावपट्टीवर परतले तोवर समुद्रावरून ढग खाली उतरायला लागले होते. आमची विमानं लहान. जमीन दिसत असेल तरच आम्ही उडतो. ग्रॅहमने आकाश पाहिलं, मी आणलेला नवा नकाशा पाहिला.

"वेळ थोडा आहे," तो म्हणाला. "ढग आणखी खाली आले तर मी परत फिरणार. तू विनवणी करायची नाहीस."

"नाही करणार."

या वेळी आम्ही समुद्राकडे पाठ केली. कॉटेजचं मागचं फाटक सापडलं. पलीकडे गव्हाचं शेत, पोटरीइतकं कोवळं, एकसारखं हिरवं. त्यात ट्रॅक्टरच्या चाकांच्या रेघा. मी एकेक तुकडा पाहत गेले. ट्रॅक्टरच्या रेघा नेहमी जोडीने असतात. फाटकापासून निघालेली एक रेघ मात्र एकटी होती. बारीक, फिकट, आणि सरळ. शेताच्या कडेने वाट असताना कुणीतरी मधूनच चालत गेलं होतं.

"डावीकडे," मी म्हटलं. "गव्हातली ती रेघ. तिच्यावरून चल."

ग्रॅहमने विमान वळवलं. रेघ शेताच्या टोकाला काटेरी कुंपणाशी संपत होती. मार्च संपत आला की ही झुडपं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पान दिसत नाही, नुसता पांढरा ढीग. कुंपणाला लागून पाण्याचा चर. पहिल्या फेरीत मला काही दिसलं नाही. दुसऱ्या फेरीत पांढऱ्याखाली मातकट लाल असं काहीतरी दिसलं. एवढंसंच, पण ते तिथलं नव्हतं.

"पॉसिबल," मी म्हटलं. आमच्यात कुणी "सापडला" म्हणत नाही.

ग्रॅहमने रेडिओवर जागा कळवली. आम्ही वर घिरट्या घालत राहिलो. चार पिवळी जॅकेट्स शेतातून धावत येताना दिसली. ती कुंपणाशी पोचली, वाकली. ढग आमच्या पंखांना लागायला आले होते. ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं आणि विमान परत वळवलं. मी काही म्हटलं नाही.

वाटेत रेडिओवर निरोप आला, "कॅज्युअल्टी लोकेटेड." म्हणजे व्यक्ती सापडली. जिवंत की मृत, हे उघड्या रेडिओवर कधी सांगत नाहीत, कारण कोण ऐकत असेल याचा नेम नसतो. उतरेपर्यंतचा वेळ त्या दोन शब्दांवर काढायचा असतो. ग्रॅहमने उतरण्याची चेकलिस्ट नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली. मला वाटतं, मला ऐकायला काहीतरी असावं म्हणून.

धावपट्टीवर सार्जंटचा फोन आला. "जिवंत आहेत. अंग फार थंड पडलंय, घोट्यापर्यंत पाय पाण्यात होते. पण श्वास चालू आहे." मग ती म्हणाली, "त्या कुंपणापलीकडच्या रस्त्यावरून आमची माणसं सकाळी दोनदा हाका मारत गेली. ते जागे होते. त्यांनी ऐकलं असणार."

ग्रॅहम विमानाच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

मी नंतर हॉस्पिटलमध्ये गेले. तेही नियमात बसत नाही. वसंतरावांना न्यूमोनिया झाला होता, त्यातून ते वाचले. मी गेले तेव्हा ते झोपले होते. निखिल कॉरिडॉरमध्ये भेटला. दाढी वाढलेली.

"दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल असायचा," तो म्हणाला. "आई बाबांना शेजारी बसवायची. मी काही विचारलं की तीच उत्तर द्यायची. बाबा हसायचे. मला वाटायचं, बाबा आता कमी बोलतात." त्याला आणखी काही म्हणायचं होतं, पण नर्सने बोलावलं म्हणून तो आत गेला.

काकू बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला जागा करून दिली.

"तो रोज त्यांना विचारतो," त्या म्हणाल्या, "बाबा, मी कोण? सांगा बरं, मी कोण? ते ओशाळतात. मला ऐकवत नाही. एवढ्यासाठीच लपवलं होतं मी."

"हो काकू."

"माणूस परत आणलास. ते मी विसरणार नाही. पण तू सांगितलंस, तेही विसरायला होत नाही."

आम्ही दोघी निखिल बाहेर येईपर्यंत तिथे बसून राहिलो.

पुढे तो आईवडिलांना घेऊन साताऱ्याला गेला. काकूंना जी भीती होती ती निम्मी तरी खरी झाली. नोकरी त्याने सोडली की रजा काढली, ते मी विचारलं नाही.

पथकाच्या बैठकीत मी सगळा प्रसंग सांगितला. कुणाची चूक काढण्यासारखी नव्हती. आडवेळेला दुभाषा मिळत नाही, मुलगा समोर असतो, तो भाषांतर करतो. आई मुलासमोर जे सांगू शकते तेवढंच सांगते. त्यानंतर आमच्या ब्रीफिंगमध्ये एक सूचना वाढली. पथकात ब्रीफिंग घेणारी आमची हेलन ती प्रत्येक नव्या ऑब्झर्व्हरला न चुकता वाचून दाखवते: घरच्या माणसाला घरच्यांचाच दुभाषा करू नका.