मिस्त्रीचं पहिलं हँडल

जगदेव मिस्त्री जातीचा भित्रा नव्हता. पन्नास-पंचावन्न सालच्या त्या दिवसांत मानोऱ्याच्या भागात कुठंही तेलाचं इंजिन अडलं, की लोक आधी त्याचं नाव घेत आणि मग देवाचं. पण गेल्या पोळ्याच्या सुमाराला एक इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि जगदेवाचं उजवं मनगट मोडून गेलं. हाड जुळलं, पण धाक बसला तो बसलाच. घरात बायकोला, पंचफुलेलाही, त्यानं हे सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? मिस्त्री असून हँडलाला भ्यायचं!

त्या उन्हाळ्यात मदनसिंग नाईकाच्या तांड्यानं विहीर खणायला घेतली. झरा लागला, गूळ वाटला, आणि तोच झरा गळ्याशी आला. मोटेनं उपसा पुरेना. विहीर अजून दगडानं बांधलेली नव्हती. पाणी साचून राहिलं तर मातीच्या कडा ढासळणार आणि तांड्याचे सगळे कष्ट गाडले जाणार. म्हणून नाईकानं मुंबईच्या भंगारातून एक इंजिन आणवलं. पूर्वी ते खाडीत लाँच चालवायचं. समुद्र इंजिनानं पाहिलेला, जगदेवानं नाही! त्यानं ते सगळं खोललं, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, व्हॉलच्या झडपा घासल्या, पुन्हा बांधलं आणि पंपाला जोडलं.

आता त्या धंद्यात एक रीत होती. ज्यानं इंजिन बांधलं, पहिलं हँडल त्यानंच मारायचं. दुसऱ्याच्या हातात दिलं तर मिस्त्रीचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही, असा अर्थ व्हायचा.

जगदेवानं हँडल मारलं. खटका पाडला. इंजिनानं पांढरा धूर सोडला आणि गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. हँडल लोण्यातून फिरवावं तसं फिरत होतं. सिलिंडरात दाबच धरत नव्हता.

"मिस्त्री, पानी चढून राह्यलं," विहिरीतून वर आलेला खेमा म्हणाला. खणणाऱ्यांतला हा सगळ्यांत दणकट गडी, कमरेपर्यंत चिखलानं माखला होता. "पूर्वेकडची कड सुटाले लागली."

जगदेवानं सिलिंडरात थोडं तेल ओतून हँडल फिरवलं. रिंगा गळत असत्या तर तेलानं दाब वाढला असता. काही फरक पडला नाही. मग सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवून उलटं ठेवलं आणि व्हॉलवर घासलेट ओतलं. थेंबही झिरपला नाही. रिंगा चांगल्या, व्हॉल चांगले, मग दाब जातो कुठं? विहिरीत मातीचा एक लपका धप्पकन पडला. काठावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

हेड पुन्हा बसवायला घेतलं तेव्हा त्याची नजर पॅकिंगवर गेली. हेडाखाली फट राहू नये म्हणून पातळसं एकच पॅकिंग लागतं. तिथं दोन होती, एकावर एक. हेड तेवढं वर उचललं गेलेलं, आत जागा जास्त, मग दाब कुठून येणार? आणि दुसरं पॅकिंग कुणी घातलं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बांधताना "असू दे, मजबुतीसाठी" असं मनाशी म्हणत त्यानंच ते सरकवलं होतं. कसली मजबुती आली डोंबलाची! आपल्याला झेपेल एवढं इंजिन त्यानं नरम करून ठेवलं होतं.

त्यानं ते पॅकिंग गुपचूप खिशात घातलं. कुणी पाहिलं नव्हतं. बोल्ट आवळले आणि हँडल धरलं. आता ते जड झालं होतं, अर्ध्या फेऱ्यातच मागे रेटायला लागलं. त्याची बोटं आपोआप सैल झाली. हँडल अर्धवट मारणाऱ्यालाच उलटं बसतं, हे त्याच्याइतकं कोण जाणत होतं?

"काहून थांबले?" नाईकानं विचारलं.

विहिरीत आणखी एक लपका पडला. जगदेवानं खिशातलं पॅकिंग काढून सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवलं. "हे म्याच जास्तीचं टाकलं होतं, नाईक. मनगट मोडल्यापासून मले हँडलाचा भेव वाटते. खेमा, तू मार."

कुणी हसलं नाही. खेमानं हात पुसले.

"अंगठा बोटांच्या बाजूनंच ठेव, दांड्याले गुंडाळू नको. अन् मंधात ढील देऊ नको. खटका मी पाडतो," जगदेवानं सांगितलं.

खेमानं जोर लावून हँडल फिरवलं. जगदेवानं खटका पाडला. इंजिन एकदा खोकललं, आणि मग असं धडधडायला लागलं की पायाखालची जमीन हलली. पाइपातून गढूळ पाणी उसळलं. बाया ओरडल्या, नाईक कड पाहायला विहिरीकडे धावला.

खेमा मात्र हँडल हातात घेऊन तिथंच उभा होता, तोंडभर हसत.

"मिस्त्री, आता तुमी बांधलेल्या सगळ्या इंजिनांले पहिलं हँडल मीच मारू काय?"

"मार," जगदेव म्हणाला.

इंजिनाच्या आवाजात खेमाला ऐकू गेलं नाही. म्हणून जगदेवाला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.