गिराणात चिरलेला पेरू

साताऱ्याजवळच्या डोंगरावर एक देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांशी अंबूबाई फुटाणे विकते. म्हणजे निम्मे विकते, निम्मे माकडं नेतात, आणि तिची त्यावर काही तक्रार नाही. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मग पाटीशेजारी भिंतीला टेकून ती धड जागी नाही, धड झोपेत नाही अशी बसते.

त्या गुंगीत तिला एकच दिवस दिसतो, पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. भर दुपारी सूर्याला गिराण लागलेलं. अंगणात चिंचेखाली उजेडाच्या बारक्या बारक्या कोरी हलत होत्या, पाखरं चिडीचूप, आणि घरातले सगळे दार लावून जप करत बसलेले. पोटुशी बाईनं गिराणात काही चिरू नये हे तिलाही ठाऊक होतं. पण डोहाळे काय पंचांग बघून लागतात? तिनं चोरून विळीवर एक पेरू चिरला. काय गोड होता, ते अजून आठवतं.

उन्हाळ्यात पल्लवी झाली. डाव्या हाताला बोटंच नव्हती. सुनेनं गिराण मोडलं असणार, असा सासूनं गावभर डांगोरा पिटला, नवरा गप्प राहिला आणि अंबूबाईनं मान खाली घातली ती घातलीच. पोर शिकली, सांगलीला विश्रामबागेत हपिसात लागली, एका हातानं सगळा कारभार करते. आईची मान काही वर झाली नाही.

यंदा चैत्रात एका माकडिणीला पिल्लू झालं. त्याचे दोन्ही हात मनगटाशीच संपलेले. आईच्या पोटाला त्याला धरता येईना, तर तीच त्याला एका हातानं छातीशी आवळून तीन पायांवर चालायची. टोळीत कुणी तिला नावं ठेवली नाहीत. एक म्हातारी माकडीण रोज जवळ बसून पिल्लाच्या उवा बघायची. अंबूबाईला धंद्याचंही भान राहिलं नाही, आठ दिवस ती नुसती बघत होती.

सुट्टीला पल्लवी आली, तेव्हा अंबूबाईनं तिला हाताला धरून त्या माकडिणीपाशी नेलं. बराच वेळ दोघी बसून राहिल्या.

"पल्लवे, हिनं कुठं गं गिराण मोडलं?" अंबूबाईनं हळूच विचारलं.

पल्लवीनं आपला डावा हात आईच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आई, ह्यो हात घिऊन मी फुडं गेले. तूच त्या दुपारी बसून राह्यलीस."

अंबूबाई पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.